एलिनॉर ऑस्ट्रम आणि राज्यशास्त्रज्ञाचे काम

१२ ऑक्टोबर २००९ रोजी अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक एलिनॉर ऑस्ट्रम आणि ऑलिव्हर विल्यमसन यांना विभागून जाहीर झाले, तेव्हा कित्येक अर्थशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रम यांचे नाव पहिल्यांदाच ऐकले. १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाच्या त्या पहिल्या स्त्री मानकरी होत्या आणि बातम्यांचा भर साहजिकच त्यावर राहिला. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली आणि ती मला आजही खटकते. ऑस्ट्रम अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांची पदवी राज्यशास्त्रातली, डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, नोकरी इंडियाना विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातली, आणि अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी १९९६-९७ मध्ये भूषवले होते. पारितोषिक अर्थशास्त्राचे मिळाले म्हणून त्यांचे सारे काम अर्थशास्त्राच्या खात्यावर जमा झाले. मात्र त्यांनी आयुष्यभर ज्याचा पाठपुरावा केला, तो प्रश्न राज्यशास्त्राच्या अगदी मुळाशी असलेला आहे: नियम कोण करतो, ते पाळले जातात की नाही हे कोण पाहतो, आणि डोक्यावर दंडुका घेऊन कोणी उभे नसतानाही माणसे ते का पाळतात?

राज्यशास्त्राचा अभ्यासक म्हटला की निवडणुकीचे अंदाज सांगणारा किंवा सरकार टिकेल की पडेल यावर मत देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ते कामही या शास्त्राच्या परिघात येते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या शास्त्राचा खरा कस मला ऑस्ट्रम यांच्या कामात दिसतो, म्हणून ते काम प्रत्यक्षात कसे चालले हे थोडे तपशिलात मांडावेसे वाटते.

सुरुवात पाण्यापासून झाली. लॉस एंजेलिसमधील विद्यापीठात डॉक्टरेटसाठी शिकत असताना व्हिन्सेंट ऑस्ट्रम यांच्या चर्चासत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला दक्षिण कॅलिफोर्नियातील एकेक भूजल खोरे अभ्यासासाठी देण्यात आले. एलिनॉर यांच्या वाट्याला वेस्ट बेसिन नावाचे, समुद्राला लागून असलेले खोरे आले. (पुढे १९६३ मध्ये या दोघांचा विवाह झाला.) त्या खोऱ्यात नगरपालिका, पाणीपुरवठा करणाऱ्या खाजगी कंपन्या आणि कारखाने असे अनेक जण आपापल्या विहिरींतून पाणी उपसत होते. मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा कितीतरी अधिक होता. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या खाली गेली आणि किनाऱ्याकडून खारे पाणी जमिनीत शिरू लागले. एकाने उपसा कमी करावा, तर त्याने वाचवलेले पाणी शेजारी ओढून घेणार. म्हणून कोणीच हात आवरत नव्हते. बुडणार हे प्रत्येकाला दिसत होते, आणि तरीही एकट्याने करण्यासारखे काहीच नव्हते.

तरीही खोरे वाचले. पाण्याच्या हक्कांबाबत १९४५ मध्ये न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याचा अंतिम निवाडा १९६१ मध्ये लागला. मधल्या काळात उपसा करणाऱ्यांनी आपली संघटना उभारली, खोऱ्याच्या स्थितीची तटस्थ पाहणी करून घेतली, प्रत्येकाने किती कपात सोसायची याची वाटाघाट केली आणि तो समझोता न्यायालयाकडून मंजूर करून घेतला. १९५९ मध्ये भूजल पुनर्भरणासाठी स्वतंत्र जिल्हामंडळ स्थापन झाले. किनाऱ्यालगत विहिरींची रांग खोदून तिच्यातून गोडे पाणी जमिनीत सोडले गेले आणि खाऱ्या पाण्यासमोर गोड्या पाण्याची भिंत उभी राहिली. कोणी किती पाणी उपसले याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागला, त्यामुळे चोरी लपवणे अवघड झाले. या साऱ्या कथेत एकच एक सत्ता कोठेही नव्हती. न्यायालय, जिल्हामंडळे, संघटना, कंपन्या आणि नगरपालिका अशी अनेक केंद्रे एकमेकांना टेकून उभी राहिली. ऑस्ट्रम यांनी बैठकांना हजेरी लावली, जुनी कागदपत्रे तपासली, माणसांना गाठून प्रश्न विचारले आणि १९६५ मध्ये प्रबंध पूर्ण केला.

त्यांना अर्थशास्त्रातच डॉक्टरेट करायची होती, हे येथे सांगायला हवे. शाळेत असताना मुलींना त्रिकोणमितीची गरज नाही असे सांगून त्यांना गणितापासून दूर ठेवले गेले आणि पुढे तेच गणित नाही म्हणून अर्थशास्त्र विभागाने त्यांना परावृत्त केले. राज्यशास्त्र विभागात त्या वर्षी घेतलेल्या ४० विद्यार्थ्यांत ४ स्त्रिया होत्या, आणि स्त्रियांना प्रवेश द्यावा की नाही यावरून प्राध्यापकांमध्ये वाद झाला होता. १९६५ मध्ये व्हिन्सेंट यांना इंडियानात प्राध्यापकपद मिळाले. एलिनॉर यांना मात्र सकाळी साडेसातचा अमेरिकी शासनव्यवस्थेचा प्राथमिक वर्ग, तोही शनिवारसह, शिकवण्याची तात्पुरती नेमणूक मिळाली. यापुढचे सर्व काम त्या वर्गापासून वर चढत गेले आहे.

प्रबंध पूर्ण झाल्यावर तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा सामायिक कुरणाच्या शोकांतिकेवरील लेख प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद असा की, कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण लाभ पूर्णपणे त्याचा आणि झीज सर्वांत वाटलेली. परिणामी कुरण उजाड होते. यातून सुटण्याचे मार्ग दोनच सांगितले जाऊ लागले: मालमत्ता खाजगी करा, नाही तर सरकारच्या ताब्यात द्या. हा विचार लोकांना इतक्या चटकन पटला याचे कारण तो मनात आधीपासूनच होता. ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ असे आपल्याकडेही पिढ्यानपिढ्या म्हटले जाते. धाक घालणारी सार्वभौम सत्ता नसेल तर करार म्हणजे पोकळ शब्द, हे इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांनी १६५१ मध्येच लिहून ठेवले होते. पण वेस्ट बेसिनमध्ये पाणी खाजगी मालकीचे तुकडे होऊन वाचले नव्हते, आणि कोणी सार्वभौम वरून उतरूनही आला नव्हता. ज्या अभ्यासकाने एक ठळक अपवाद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे, त्याला सर्वमान्य विधान जसेच्या तसे गिळता येत नाही. तो अपवाद निव्वळ योगायोग होता की त्यामागे काही कारणपरंपरा होती, हे शोधणे हेच मग त्याचे काम होऊन बसते.

त्या कामाकडे वळण्याआधी ऑस्ट्रम यांनी जवळजवळ पंधरा वर्षे पोलिसांचा अभ्यास केला. हा भाग फारसा सांगितला जात नाही; मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. त्या काळी अमेरिकी महानगरांतील लहान लहान पोलीस दले बरखास्त करून एकेक मोठे दल करावे, हे सुधारणेचे ब्रीदवाक्य झाले होते. अनेक दले म्हणजे गोंधळ आणि मोठे दल म्हणजे कार्यक्षमता, हे कोणी तपासून पाहिलेले नव्हते. ते गृहीत धरलेले होते. ऑस्ट्रम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या सुमारास इंडियानापोलिसमध्ये एक साधी, परंतु नेमकी तुलना योजली. उत्पन्न, वस्ती, घरे यांत सारख्याच असलेल्या, पण एका बाजूला शहराचे मोठे पोलीस दल आणि दुसऱ्या बाजूला उपनगराचे छोटे स्वतंत्र दल असलेल्या शेजारशेजारच्या वस्त्या त्यांनी निवडल्या. मग घरोघरी जाऊन विचारले: तुमच्याकडे गुन्हा घडला का, पोलिसांना बोलावले का, ते किती वेळात आले, त्यांनी काय केले, तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे का? छोट्या दलांची सेवा मोठ्या दलाच्या तोडीची किंवा तिच्यापेक्षा सरस निघाली. शिकागो परिसरातील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतही हेच दिसले, आणि तेथे तर मोठ्या शहराचा पोलीस खर्च छोट्या दलांच्या कित्येक पट होता.

पुढे हा अभ्यास ८० महानगर क्षेत्रांपर्यंत वाढवला गेला. गस्त, तक्रारीला प्रतिसाद, गुन्ह्याचा तपास अशा नागरिकांशी थेट संबंध येणाऱ्या कामांत मोठे केंद्रीकृत दल छोट्या दलांवर सातत्याने मात करते, असे आढळले नाही. गुन्हेविषयक प्रयोगशाळा किंवा प्रशिक्षण मात्र मोठ्या प्रमाणावर एकत्र चालवणेच किफायतशीर ठरत होते. म्हणजे दल मोठे असावे की छोटे हा प्रश्नच मुळात अपुरा होता. कोणत्या कामासाठी किती मोठे, असा तो विचारायला हवा होता. येथपर्यंत पोहोचायला कोणतीही विचारसरणी उपयोगी पडली नसती, कारण मोठ्याचे समर्थक आणि छोट्याचे समर्थक दोघेही अर्धेच बरोबर होते. वस्त्या जोडीजोडीने निवडण्याची आणि तेच प्रश्न शेकडो दारांवर विचारण्याची कंटाळवाणी मेहनतच तेथे कामी आली.

१९७३ मध्ये एलिनॉर आणि व्हिन्सेंट यांनी मिळून इंडियाना विद्यापीठात राजकीय सिद्धांत आणि धोरणविश्लेषण यांची कार्यशाळा सुरू केली. तेथे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांचे अभ्यासक एका टेबलाभोवती बसत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ऑस्ट्रम पुन्हा सामायिक संसाधनांकडे वळल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की जगभरातील कुरणे, कालवे, मासेमारी आणि जंगले यांवरचे शेकडो बारकाईचे अभ्यास आधीच झालेले आहेत; पण ते वेगवेगळ्या शास्त्रांच्या कपाटांत विखुरलेले आहेत आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. मग हे अभ्यास गोळा करायचे, प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे, उत्तरे ठरावीक सांकेतिक खुणांनी नोंदवायची आणि त्यांची तुलना करायची, असे काम सुरू झाले. मानववंशशास्त्रज्ञ एका गावात वर्षानुवर्षे राहून त्या गावाचे सत्य सांगतो. अनेक गावांची सत्ये एकमेकांशेजारी ठेवली तर काय दिसते, हे पाहण्याची जबाबदारी राज्यशास्त्रज्ञाने घेतली.

त्या नोंदींतली उदाहरणे मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या आल्प्समधल्या गावात सामायिक कुरणाचे नियम सांगणारा १४८३ चा दस्तऐवज आहे. १५१७ पासूनचा तेथील नियम सांगतो की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढी गुरे पोसता येतील तेवढीच गुरे उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडावीत. हार्डिन यांच्या गुराख्याला आणखी एक जनावर सोडण्याचा मोह ज्या क्षणी होतो, नेमका तोच क्षण या एका ओळीने बांधून टाकला आहे; आणि गुरे मोजण्याचा खर्चही नाही, कारण हिवाळ्यात कोणाच्या गोठ्यात किती गुरे आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक असते. नियम मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवता येई. त्याच गावात शेते आणि बागा पिढ्यानपिढ्या खाजगी मालकीच्या होत्या. खाजगी मालकी म्हणजे काय हे न समजल्यामुळे त्या लोकांनी कुरण सामायिक ठेवले, असे म्हणायला जागाच उरत नाही.

स्पेनमधील वॅलेन्सियात कालव्यांच्या पाण्याची पाळी शतकानुशतके चालत आली आहे. १४३५ मध्ये ८४ बागायतदार एका मठात जमले आणि त्यांनी आपल्या कालव्यांचे नियम लिहून काढले. पाण्याचे तंटे सोडवणारे त्यांचे न्यायमंडळ आजही गुरुवारी तेथील कॅथेड्रलच्या दारापाशी बसते. पाणीपाळीची खुबी अशी की ज्याची पाळी पुढची, तो आधीच बांधावर येऊन थांबलेला असतो. आधीच्याने वेळेपेक्षा जास्त पाणी घेतले तर त्याला लगेच दिसते, आणि उशिरा आला तर त्याचीच वेळ जाते. राखणीचे बरेचसे काम आपोआप होते, कारण राखण करणे हे प्रत्येकाच्या स्वार्थातच बसवलेले आहे.

तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांची व्यवस्था तर माझ्या मते या साऱ्या संग्रहातली सर्वात देखणी. तेथे सुमारे शंभर मच्छीमार दोन-तीन माणसांच्या होड्यांतून किनाऱ्याजवळ जाळी टाकत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चांगल्या जागांवरून मारामाऱ्यांपर्यंत वेळ आली होती. दहाएक वर्षांच्या प्रयोगांनंतर स्थानिक सहकारी संस्थेने एक पद्धत बसवली. सप्टेंबरमध्ये परवानाधारक मच्छीमारांची यादी करायची आणि जाळे टाकण्याच्या सर्व जागांची नावानिशी यादी करायची. एकाचे जाळे दुसऱ्याकडे जाणारे मासे अडवणार नाही इतके अंतर त्या जागांत ठेवलेले असे. मग चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला पहिली जागा द्यायची. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचे, आणि जानेवारी ते मे पश्चिमेकडे. मासे हंगामात कोणत्या दिशेने फिरतात हे पाहून ही दिशा ठरवलेली असल्यामुळे चांगली जागा कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येई. आपल्या चांगल्या दिवशी दुसरा कोणी तेथे घुसला, तर ज्याचा हक्क गेला तोच ओरडे आणि बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहत, कारण उद्या त्यांचीही तीच पाळी असे. कोणत्याही मंत्रालयात बसून असा नियम कोणाला सुचला नसता, कारण त्यासाठी समुद्राच्या त्या तुकड्याची आणि तिथल्या माशांची जी माहिती लागते, ती फक्त तेथे जाळे टाकणाऱ्यांपाशी होती.

आता प्रश्न असा की, या सर्वांत समान काय आहे. ऑस्ट्रम यांनी प्रथम यशस्वी ठिकाणचा एखादा ठरावीक नियम शोधण्याचा प्रयत्न केला. संसाधन वापरण्याचा हक्क कोणाला, एवढ्या एकाच बाबतीत नोंदींमध्ये पंचवीसहून अधिक प्रकारचे नियम निघाले: कोठे गावचा रहिवासी, कोठे जमिनीचा मालक, कोठे चिठ्ठीत नाव निघालेला, कोठे ठरावीक साधन वापरणारा. यशाशी सातत्याने जोडलेला असा एकही नियम त्यांत सापडला नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने ही निराशेची जागा असते, आणि अनेक जण येथे आकडे थोडे वाकवून एखादे सूत्र हाती लागल्याचे जाहीर करतात. ऑस्ट्रम एक पायरी वर गेल्या. नियम वेगवेगळे असले तरी ते ज्या रचनेत बसलेले आहेत त्या रचनेत साम्य आहे का, असे त्यांनी विचारले आणि १९९० मध्ये आलेल्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात आठ रचनातत्त्वे मांडली.

संसाधनाच्या आणि हक्कदारांच्या सीमा स्पष्ट असणे, नियम स्थानिक परिस्थितीला जुळणारे असणे, ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असणे, राखणदार वापरकर्त्यांना जबाबदार असणे, तंटे स्वस्तात आणि जवळच मिटणे, स्थानिकांच्या संघटनेचा हक्क सरकारने मान्य करणे आणि मोठ्या संसाधनांसाठी व्यवस्था थरांवर थर अशी रचलेली असणे, यांतली बहुतेक तत्त्वे ऐकताच पटतात. मला विशेष विचार करायला लावणारे तत्त्व आहे ते चढत्या शिक्षांचे. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये पहिल्या अपराधाला शिक्षा अगदी किरकोळ असते. कडक शिक्षेनेच शिस्त लागते हा सर्वसाधारण समज येथे खोटा पडतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दुष्काळाच्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याने उभे पीक वाचवण्यासाठी पाळी नसताना पाणी घेतले, तर छोटा दंड त्याला एवढेच सांगतो की तुझ्याकडे लक्ष आहे. आणि इतरांना सांगतो की नियम अजून जिवंत आहे, आपण पाळतो तर मूर्ख ठरत नाही. माणसे नियम पाळतात ती बहुधा याच अटीवर, की इतरही ते पाळत आहेत. त्याच माणसाला पहिल्याच वेळी उद्ध्वस्त करणारी शिक्षा झाली, तर तो व्यवस्थेचा कायमचा शत्रू होतो आणि शेजारी त्याची तक्रार करायलाच धजावत नाहीत.

या पुस्तकातले अपयशाचे प्रकरण मला यशाच्या प्रकरणांइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण केवळ यशस्वी उदाहरणे गोळा करून काढलेला निष्कर्ष काहीच सिद्ध करत नाही. तुर्कस्तानातच बोद्रूम आणि इझमीरचा उपसागर येथे मासेमारी कोलमडलेली होती. श्रीलंकेतील मावेल्ले या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, पाळी काटेकोर होती, पण रापणींची संख्या रोखणारे कोणी उरले नाही. नव्या रापणी येतच राहिल्या आणि पाळी न्याय्य असूनही प्रत्येकाच्या हाती येणारा वाटा घटत गेला. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटीचे उदाहरण तर त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाला छेद देण्यासाठीच निवडल्यासारखे आहे. राज्य तेच, कायदे तेच, न्यायालयांची व्यवस्था तीच. तरीही तेथील विस्तीर्ण भूजल क्षेत्रात वेस्ट बेसिनसारखा समझोता उभा राहिला नाही. व्याप्ती फार मोठी होती, वापरकर्त्यांचे हितसंबंध दूरदूरचे होते, आणि सुरुवातच छोट्या प्रमाणावर करून विश्वास कमावण्याऐवजी एका झटक्यात सर्व काही ठरवण्याच्या प्रयत्नाने झाली होती. ज्या उदाहरणावर आपले नाव उभे राहिले, त्याच उदाहरणाची मर्यादा त्याच्याच शेजारच्या मुलुखातून दाखवून देणे, याला मी शास्त्रीय सचोटी म्हणतो.

नेपाळमधील काम १९९० च्या दशकात झाले आणि त्यातला निष्कर्ष अभियंत्यांना चक्रावून टाकणारा होता. शंभराहून अधिक सिंचन व्यवस्थांची तुलना करता, सरकारी खात्याने बांधलेल्या आणि चालवलेल्या व्यवस्थांपेक्षा शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेल्या, दगडमातीच्या कच्च्या बंधाऱ्यांच्या व्यवस्था सरासरीने अधिक पीक देत होत्या, आणि शेपटाकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतांपर्यंत पाणीही त्यांतच अधिक खात्रीने पोहोचत होते. काँक्रीटचा पक्का बंधारा घातला की अनेक ठिकाणी ही स्थिती बिघडे. कच्चा बंधारा दर पावसाळ्यात वाहून जातो आणि त्याच्या डागडुजीला पुष्कळ हात लागतात. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या श्रमांची गरज असते, आणि श्रम हवे असतील तर पाणी खाली सोडावेच लागते. बंधारा पक्का झाला की ही गरज संपते, आणि गरजेबरोबर शेपटाकडच्याची सौदा करण्याची ताकदही संपते. बंधाऱ्याच्या आराखड्यात पाण्याचा दाब, उतार आणि गाळ यांचा हिशेब होता. कोणाला कोणाची गरज आहे याचा हिशेब त्यात नव्हता. हा दुसरा हिशेब मांडता येणे म्हणजेच राज्यशास्त्र येणे, असे मला मनापासून वाटते.

गावांतल्या निरीक्षणांत एक अडचण राहतेच: एकाच वेळी शंभर गोष्टी बदलत असतात आणि परिणाम कशाचा, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून ऑस्ट्रम यांनी रॉय गार्डनर आणि जेम्स वॉकर या अर्थशास्त्रज्ञ सहकाऱ्यांबरोबर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना खऱ्या पैशांवर एक काल्पनिक सामायिक संसाधन वापरायला दिले. एकमेकांशी बोलायची बंदी असताना त्यांनी ते हार्डिन यांच्या भाकिताप्रमाणे ओरबाडले. समोरासमोर बोलू दिल्यावर मात्र उत्पन्न मोठ्या प्रमाणावर सुधारले. त्या बोलण्यातून झालेला करार मोडला तर रोखणारे कोणीही नव्हते, तरीही हे घडले. बोलणे न होऊ देता केवळ एकमेकांना दंड करण्याची सोय दिली, तर माणसे सूड उगवत आणि मिळकत दंडातच खर्च होई. बोलून स्वतःच दंडाचा नियम ठरवणारे गट सर्वांत पुढे राहिले.

१९९२ मध्ये सुरू झालेल्या जंगलांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन कार्यक्रमात हीच पद्धत आणखी विस्तारली. १२ देशांतील १७८ वापरकर्ता गटांच्या अभ्यासात असे दिसले की जंगलाच्या स्थितीचा संबंध स्थानिक लोक नियमितपणे त्यावर देखरेख ठेवतात की नाही, याच्याशी घट्ट जुळतो. ठराव, नकाशे आणि पाट्या यांनी संरक्षित झालेली, पण प्रत्यक्षात कोणीच न राखलेली जंगले तुटतात, हे वनखात्याच्या कोणत्याही अनुभवी माणसाला आतून ठाऊक असते. ते मोजून दाखवण्याचे काम येथे झाले.

या कामावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आणि त्यांतला एक मला टाळता येण्यासारखा वाटत नाही. सामायिक संसाधन सांभाळणारा गट आतून समान असतोच असे नाही. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधील सामुदायिक वनव्यवस्थापनाच्या अभ्यासातून दाखवले की, जंगल वाचवण्यात यशस्वी ठरलेल्या गटांच्या निर्णयप्रक्रियेतून स्त्रिया बाहेर राहू शकतात, आणि सरपणबंदीचा सारा भार त्यांच्याच डोक्यावर येऊ शकतो. जंगल वाढले, म्हणून व्यवस्था टिकाऊ ठरली. पण ती कोणाच्या जोरावर टिकली, हा प्रश्न आठ तत्त्वांच्या यादीतून आपोआप उमटत नाही. टिकणे आणि न्याय्य असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिली लावून झाल्यावर दुसरी लावायची राहून जाते, असे ऑस्ट्रम यांच्या अनुयायांच्या बाबतीत अनेकदा झाले आहे. तिसरे तत्त्व, म्हणजे नियम बदलण्यात वाटा असणे, गांभीर्याने घेतले तर या प्रश्नाकडे जाणारी वाट तेथून निघते, असे माझे मत आहे; परंतु ‘ज्यांना नियम लागू होतात’ यांत कोणाची गणना होते, हे आधी पाहावे लागते.

हार्डिन यांनीही १९९० च्या दशकात आपले विधान व्यवस्था नसलेल्या सामायिक संसाधनांपुरते मर्यादित केले. स्वतः ऑस्ट्रम आपल्या तत्त्वांना रामबाण उपाय म्हणू देत नसत. एकच आराखडा सर्वत्र लादण्याच्या वृत्तीविरुद्ध त्या सतत लिहीत राहिल्या. १२ जून २०१२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला व्हिन्सेंटही गेले. त्याच्या दोन वर्षे आधी मायकेल कॉक्स, ग्वेन आर्नल्ड आणि सर्जिओ व्हिलामायोर तोमास या तिघा तरुण अभ्यासकांनी आठ तत्त्वे ९१ स्वतंत्र अभ्यासांवर घासून पाहिली होती. तत्त्वे बहुतांशी टिकली, पण पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तत्त्वात प्रत्येकी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्याचे त्यांनी दाखवले; उदाहरणार्थ, हक्कदारांची सीमा आणि संसाधनाची सीमा या दोन स्वतंत्र बाबी असून एक स्पष्ट असताना दुसरी धूसर असू शकते. त्यामुळे आठांची अकरा झाली. ऑस्ट्रम यांच्या नोबेल व्याख्यानाचा जो पाठ २०१० मध्ये छापून आला, त्यात त्यांनी आपली तत्त्वे या दुरुस्तीसह मांडली आहेत.